दुसऱ्या सुईचा शब्द

"हे असं वाचलं ना डॉक्टरबाई, तर रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा मान वर करून बघणार नाही."

कर्ण्याने कागद टेबलावर परत ठेवला. डॉक्टरबाईंनी नाकावरचा मास्क सारखा केला, कागद उचलला आणि स्वतःच मोठ्याने वाचून पाहिला. 'जागतिक लस सहकार्य योजनेंतर्गत मित्रराष्ट्रांच्या सौजन्याने प्राप्त झालेल्या मात्रांचे प्राधान्य गटांस वितरण करण्यात येत असून...' अर्ध्यावर त्यांचाच श्वास संपला.

"मजकूर मंत्रालयातून आलाय," त्या म्हणाल्या. "मी नाही लिहिलेला."

"ते कळलंच मला."

"मग तुम्ही काय म्हणाल?"

कर्ण्याने डोळे मिटले. हातात माईक असल्यासारखी मूठ तोंडाजवळ नेली आणि त्या एवढ्याशा खोलीला सोसवेल इतका आवाज काढून म्हणाला, "लोकहो, लस आलीय. समुद्रापलीकडच्या देशातून आलीय, फुकट आहे. साठीच्या पुढच्यांनी आधी यायचं. पहिली सुई आता, दुसरी दोन महिन्यांनी. दुसरीची काळजी करू नका. तिची जबाबदारी आमची."

"ते शेवटचं कुठून आणलंत?"

"लोक तेच विचारणार. अर्ध्या कामाला कोण तयार होतं? घरावर छप्पर घालणार की नाही हे कळल्याशिवाय कोणी भिंत उभी करतं का?"

डॉक्टरबाईंनी जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "लस बनवणाऱ्या देशाच्या सरकारने गरीब देशांसाठी वाटा बाजूला काढलाय. पुष्कळ सरकारांनी मिळून ही योजना केलीय, करारावर आपल्या सरकारचीही सही आहे. दुसरा डोस ठरलेला आहे म्हणतात." मग, "म्हणा. काही हरकत नाही."

आणि कर्णा म्हणाला. त्या सबंध आठवड्यात त्याची तीनचाकी शहराच्या प्रत्येक गल्लीतून मुंगीच्या पावलांनी फिरली आणि 'तिची जबाबदारी आमची' हे शब्द भिंतींवर आदळत राहिले.

त्याचं खरं नाव पाळण्यात ठेवलं तेवढंच. गाडीच्या टपावरच्या पत्र्याच्या भोंग्याला लोक कर्णा म्हणत, आणि पुढे भोंगा आणि माणूस यांच्यात फरक करायचं सोडून दिलं. सर्कस आली, पाणी बंद राहणार, चपलांचा सेल लागला, पिवळा फ्रॉक घातलेली मुलगी हरवली, सगळं त्यानेच शहराला सांगितलं होतं. निवडणुकीत तो सकाळी एका पक्षाचा प्रचार करी आणि दुपारी दुसऱ्याचा, आणि दोन्हीकडे तितक्याच तळमळीने. यावरून कोणी डिवचलं तर म्हणे, "मी कुठे म्हणालो मत द्या? मी म्हणालो, ते मत मागताहेत."

घरी मात्र तो तोंडातून शब्द काढत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तरी मुकाट्याने जेवायचा. बायको म्हणे, "सगळ्या गावाला वाटून उरलं तर थोडं घरी पण आणा." तो हसे. माईक हातात नसला की त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येई. समोरच्या माणसाला दोनदा विचारावं लागे.

लशीला माणसं आली, पण जुन्या बाजाराच्या गल्लीतून कोणीच आलं नाही. याचं कारण त्याला माहीत होतं. ते कारण म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण, ताई.

ताईचं त्या गल्लीत सुया, दोरे, बटणं, लेस, इलास्टिक असल्या वस्तूंचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. आई गेली तेव्हा कर्णा लहान होता, ताई नुकती लग्नाच्या वयाची झाली होती. तिने त्याला वाढवला, मग उशिरा लग्न केलं, मग नवराही गेला. या सगळ्यात तिने कोणापुढे हात पसरला नाही की कोणाचं ऐकलं नाही. गल्लीतल्या बायका बटण घ्यायला येत आणि सल्ला घेऊन जात. सुनेला माहेरी पाठवू का, इथपासून दात काढू का, इथपर्यंत.

"तिकडच्यांना नकोशी झाली म्हणून आपल्याला पाठवलीय," ताईचं मत ठरलेलं होतं. "आजवर कोणी काही चांगलं फुकट पाठवलंय का?"

समोर बसून तिची समजूत घालणं कर्ण्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं. दोनदा गेला, चहा पिऊन परत आला. तिसऱ्यांदा त्याने गाडीच नेली. दुकानासमोर उभी केली, भोंग्याचं तोंड दुकानाकडे वळवलं आणि माईक हातात घेतला.

"लोकहो, या दुकानातल्या ताईंनी मला वाढवलं. मला गोवर आला तेव्हा त्या रात्रंदिवस उशाशी बसल्या. सुईला घाबरून मी पळालो तर या बाजारातून कान धरून दवाखान्यात नेलं. आज त्याच ताई सुईला घाबरून बसल्या आहेत."

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. कोणीतरी हसलं.

"मी कोणाला घाबरत नाही," ताई दुकानातून म्हणाली.

"ताई म्हणतात, घाबरत नाही. पण उठत नाहीत."

"बंद कर ते."

"ताई म्हणतात, बंद कर. ताई आल्या की बंद करतो."

ती आली. दुकानाच्या फळ्या लावल्या, कुलूप घातलं आणि गाडीत न बसता पुढे चालू लागली. कर्णा गाडी घेऊन मागून हळूहळू. आणि त्याच्या मागून, एक एक करत, अर्धी गल्ली.

केंद्रावर सुई टोचून झाल्यावर ती बाकावर बसली. दंडावरचा कापूस दाबून धरत तिने विचारलं, "आणि दुसरी?"

"येणार."

"कोण म्हणतं? डॉक्टर म्हणते की तू म्हणतोस?"

गल्लीतल्या बायका कान देऊन होत्या.

"मी म्हणतो," तो म्हणाला.

"मग ठीक आहे," ताई म्हणाली.

दोन महिने सरत आले तेव्हा बातम्या येऊ लागल्या. ज्या देशात ही लस बनत होती तिथेच साथ पेटली होती. टीव्हीवर त्यांची इस्पितळं दिसत, बाहेर फुटपाथवर झोपवलेली माणसं दिसत. मग एका सकाळी त्यांच्या सरकारने लस देशाबाहेर पाठवणं थांबवलं. 'तूर्त' असा शब्द होता बातमीत.

कर्णा केंद्रावर गेला. डॉक्टरबाई खुर्चीत नुसत्या बसल्या होत्या, समोर चहाचा कप निवून गेलेला.

"आपली दुसरी?" त्याने विचारलं.

"बंदरावर होती म्हणे. उतरवून घेतली त्यांनी." त्यांनी डोळे चोळले. "काय बोलणार त्यांना? त्यांची माणसं तडफडताहेत. आपणही हेच केलं असतं."

"पण करार होता ना? सरकारांच्या सह्या होत्या."

"होता. आपले मंत्री रोज फोन करताहेत. दुसऱ्या देशांकडेही मागताहेत. काहींनी त्यांच्या माणसांना पुरून उरेल एवढी साठवून ठेवलीय, पण तिथून अजून हो येत नाही." मग आवाज खाली आणून, "आणि एक. वरून सांगितलंय, सध्या काहीच जाहीर करायचं नाही. लोक बिथरतील."

म्हणजे गाडी घरी उभी. पण माणूस किती दिवस घरात बसणार? रस्त्यावर पाऊल टाकलं की कोणी ना कोणी हटकायचं. कर्णा, दुसरी कधी? भाजीवालीने विचारलं, पोस्टमनने विचारलं, ज्या शाळामास्तरांनी त्याला कधीकाळी नापास केलं होतं त्यांनी विचारलं. तो म्हणे, "येईल, येईल." सलूनवाल्याने तर त्याला खुर्चीत बसवलं, साबण लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि मग विचारलं, "माझ्या म्हाताऱ्याला पहिली दिलीय. दुसरी कधी?"

"असं विचारतात का?" कर्णा हनुवटी न हलवता म्हणाला.

"मग कसं विचारू? तू मोकळा असलास की पळतोस."

शेवटी तो ताईकडे गेला. ती बटणं रंगाप्रमाणे डब्यांत निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय झालंय? आठवडाभर या गल्लीत फिरकला नाहीस."

त्याने सांगितलं. सगळं, जसं ऐकलं होतं तसं. ताईचा हात बटणांतच राहिला.

"त्यांचं चुकलं नाही," ती म्हणाली. "घरात सगळे तापाने फणफणत असताना कोण शेजारी औषध पोचवतं?" आणि मग, "हे मला सांगितलंस. बाकीच्यांना?"

"सांगू नका म्हणालेत."

"येणार म्हणून सांगायला सगळं शहर पालथं घातलंस. माझं दुकान बंद करायला लावलंस. आणि येत नाही हे सांगायला भोंगा बिघडला?"

"ताई, कामावरून काढतील."

"काढतील तर काढतील. लोक सुई झाली म्हणून गळ्यात गळे घालून फिरताहेत. काल समोरच्यांच्या घरी साखरपुडा झाला, पन्नास माणसं होती. त्यांना वाटतंय, आठ दिवसांत दुसरी मिळाली की झालं. त्यांना कोण सांगणार?"

तो दाराशी पोचला तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "नीट बोल. पुटपुटू नकोस."

दुसऱ्या दिवशी कर्ण्याने गाडी काढली. पहिल्या चौकात माईक तोंडाशी नेला.

"लोकहो, दुसरी सुई आलेली नाही. ज्यांनी पाठवायची त्यांच्याकडेच साथ वाढलीय, त्यांनी थांबवलीय. कधी येईल ते डॉक्टरांना माहीत नाही, सरकारला माहीत नाही, मला माहीत नाही. जबाबदारी आमची, असं मी म्हणालो होतो. ते मी माझ्या पदरचं म्हणालो होतो. एका सुईवर विसंबू नका. मास्क काढू नका. गर्दी करू नका."

कापडबाजाराच्या कोपऱ्यावर कोणीतरी वरच्या मजल्यावरून बादलीभर पाणी ओतलं. काचेवरून ते फेसाळत खाली आलं, धुण्याचं पाणी होतं. त्याने वायपर लावला आणि पुढे गेला. एका म्हाताऱ्याने गाडी थांबवून ठणकावलं, "तेव्हा तर फार छातीठोकपणे सांगत होतास." एक बाई नुसतीच म्हणाली, "कळलं ते बरं झालं." सलूनवाला दारात उभा होता. त्याने मान फिरवली.

दुपारी जिल्ह्यातून फोन आला. कर्ण्याचं काम बंद. डॉक्टरबाईंनी त्याची बाजू घेतली असं नर्सकडून नंतर कळलं. त्याबद्दल त्यांनाही दोन शब्द ऐकावे लागले. त्या स्वतः याबद्दल त्याच्याशी कधीच बोलल्या नाहीत.

साथ जुन्या बाजारात पोचायला फार दिवस लागले नाहीत. ताईने दुकान अर्धं उघडं ठेवलं होतं. एका बाजूची फळी लावून, खिडकीतून दिल्याघेतल्यासारखा व्यवहार. तरी आजार कुठून तरी आलाच. आधी घसा, मग ताप, मग एका सकाळी तिला वाक्य एका दमात पुरं करता येईना. कर्ण्याने तिला त्याच तीनचाकीत मागे झोपवून मोठ्या इस्पितळात नेलं. बायको तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत ताई म्हणाली, "भोंगा लावू नकोस हं," आणि तिघंही हसली.

आत कोणालाच सोडत नव्हते. नर्स दिवसातून एकदा फोन जोडून देई. पहिले दोन दिवस ताई बऱ्यापैकी बोलली. निळा दोरा संपलाय, मागवून ठेव. शिवणकामवाल्या बाईची लेस वरच्या खणात बांधून ठेवलीय, ती देऊन टाक, पैसे आलेत. तुझा आवाज येत नाही, मोठ्याने बोल. कर्णा कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून जमेल तितक्या मोठ्याने बोलला. जाणारे-येणारे बघत होते. तिसऱ्या दिवशी ती ऐकत राहिली. त्याने मग जे सुचेल ते सांगितलं: बाजार, दुकान, शेजारणीची चौकशी. पलीकडून फक्त यंत्राचा आवाज येत होता.

ती गेली तेव्हा अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. डॉक्टरबाई आल्या, लांब उभ्या राहिल्या. परतताना कर्णा त्यांच्याजवळ थांबला.

"दुसरी मिळाली असती तर?"

"पहिलीनेही थोडं बळ मिळतं," त्या म्हणाल्या. "दुसरीने वाचल्या असत्या का, ते मला माहीत नाही. वाचण्याची शक्यता बरीच होती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून दुसरं काही सांगू का?"

"नको," तो म्हणाला.

नंतर कर्णा घरी बसून राहिला. गाडीवर धूळ साचली. चपलांच्या दुकानवाल्याने बोलावलं, गेला नाही. बायको जेवायला वाढायची, तो जेवायचा. ती आता थट्टा करत नसे.

मग एका दुपारी डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. बायकोने खुर्ची पुढे केली, पण त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"लस आली," त्या म्हणाल्या. "तीच. दुसऱ्याच एका देशाकडून. त्यांनी जास्तीची साठवली होती, त्यातली दिली. आपल्या लोकांनी खूप पाठपुरावा केला म्हणे."

कर्ण्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"महिनाअखेरीला मुदत संपतेय तिची. तेवढ्यात टोचून झाली नाही तर फेकावी लागेल. आणि केंद्रावर सकाळपासून मोजून चार माणसं आली. जुन्या बाजारातून एकही नाही. जिल्ह्यातून निरोप आहे, तुमची गाडी पुन्हा लावा."

"मुदत संपत आल्यावरच कशी आठवण झाली त्यांना?" आवाज इतका लहान होता की डॉक्टरबाईंना पुढे वाकावं लागलं. "आधी पडूनच होती ना तिकडे?"

"पडूनच होती," त्या म्हणाल्या.

"ताई म्हणाली होती, नकोशी झाली की पाठवतात."

"चांगली आहे लस. मी स्वतः तपासून घेतलीय. पण त्यांनी कधी पाठवली याबद्दल तुम्ही जे म्हणताय त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

त्या गेल्या. बायको दाराशी उभी राहून बाहेर बघत होती.

"भोंग्यावरून सांगितलेलं आता कोणी खरं मानणार नाही," ती म्हणाली. "दारोदार जाऊन सांगा. शिव्या देतील. त्या ऐकून घ्या."

"मला नाही जमत असं बोलायला. समोरासमोर."

"मला माहीत नाही का?" ती म्हणाली. "तरी जा."

तो आधी केंद्रावर गेला. "मला दाखवा," म्हणाला. नर्सने शीतपेटी उघडली. वाफ वर आली, आत बोटाच्या पेराएवढ्या कुप्या ओळीने उभ्या होत्या. त्याने वाकून नीट पाहिलं.

"ज्यांची पहिली झालीय त्या सगळ्यांना पुरेल?"

"आपल्या केंद्रातल्या सगळ्यांना," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"यानंतर आणखी लागेल?"

"लागेलही. तेव्हा मिळेल का, ते सांगता येत नाही."

"बरं. तेवढंच सांगतो."

गाडी केंद्राच्या फाटकातच ठेवून तो चालत निघाला. सलूनवाल्याकडे पहिल्यांदा गेला, कारण तिथे जाणं सगळ्यात अवघड होतं. सलूनवाला गिऱ्हाईक सोडून बाहेर आला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि काही न बोलता आत गेला. कर्णा पुढच्या दाराशी पोचेपर्यंत मागून ओरड आली, "म्हाताऱ्याला चालवत नाही. कोणी घरी येऊन देईल का?"

"विचारतो," कर्णा म्हणाला. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून तो परत फिरला आणि जवळ जाऊन पुन्हा सांगितलं, "विचारून येतो."

काही दारं उघडली नाहीत. एका घरी त्याला पाणी दिलं. एका घरी तरुण सून म्हणाली, "तुमच्यावर भरवसा ठेवून सासूबाईंना नेलं होतं," आणि तो मान खाली घालून उभा राहिला. तिचं बोलून झाल्यावर त्याने लस आली आहे एवढं सांगितलं.

जुन्या बाजाराच्या गल्लीत शिरला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ताईच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, कुलपावर कोणीतरी दोऱ्याचं मोकळं रीळ अडकवून ठेवलं होतं. तो तिथे थांबला नाही. पुढचं दार शेजारणीचं. ताईची अनेक वर्षांची मैत्रीण, सत्तरीची, एकटी राहणारी. पहिल्या सुईला ताईच्या मागोमाग जे निघाले त्यांत तीच सगळ्यात पुढे होती.

त्याने कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

त्याने नाव सांगायला तोंड उघडलं. या शहरात त्याला नाव सांगावं लागलं नव्हतं कधी. घसा खाकरून तो पुन्हा म्हणाला, "मी. लस आलीय."

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. पण कोणी पुढे आलं नाही.

"ऐकू येत नाही. कोण आहे म्हणालात?"

तो दाराच्या आणखी जवळ गेला, जवळजवळ लाकडाला तोंड लावलं.

"ताईचा भाऊ."

मग कडी निघाली. दार उघडलं, पूर्ण नाही, चेहरा दिसेल इतकंच. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे गल्लीत पाहिलं. गाडी नव्हती.

"चालत आलास?" तिने विचारलं.

"हो."

ती वाकून, एका हाताने दाराची चौकट धरून, पायाने चपला शोधू लागली.